प्रार्थना ऐकली गेली नाही असे वाटत असताना देवावर विसंबायचे कसे?

प्रश्न थोडक्यात असा आहे: "माझे पती दीर्घ आजारानंतर वारले. सगळ्या मंडळीने प्रार्थना केल्या, उपास केले. आता लोक म्हणतात, 'देवाची इच्छा', 'रडू नका, ते प्रभूजवळ सुखात आहेत.' एका ज्येष्ठ बंधूंनी तर सांगितले की आमचा विश्वास कमी पडला. मला प्रार्थना करवत नाही. देवाचा राग येतो आणि त्या रागाचीच भीती वाटते. दहा वर्षांचा मुलगा विचारतो, देवाने बाबांना का नेले? त्याला काय सांगू? पहिला स्मरणदिन जवळ आला आहे. माझा विश्वास गेला आहे का?"

ताई, प्रभूमध्ये सलाम.

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. नाही, तुमचा विश्वास गेलेला नाही. नुसता धीर द्यायचा म्हणून हे लिहीत नाही, तुमच्याच पत्रावरून लिहितो. तुमचा राग देवावर आहे आणि तो तुम्हाला सलतो आहे. म्हणजे देव आहे, त्याने ऐकायला हवे होते, आणि त्याच्याशी नाते बिघडले तर आपले काही खरे नाही, या तिन्ही गोष्टी तुम्ही अजून घट्ट धरून आहात. पाळक म्हणून मी अनेक वर्षे शोकात असलेल्या घरांतून बसत आलो आहे. ज्यांचा विश्वास खरोखरच निसटला ते असे पत्र लिहीत नाहीत.

तुमच्या रागाला पवित्र शास्त्रात जागा आहे, आणि ती कुठेतरी कोपऱ्यात नाही. स्तोत्रसंहितेतल्या दीडशे स्तोत्रांपैकी सुमारे एक तृतीयांश विलापाची आहेत. तेरावे स्तोत्र उघडा. सहाच वचने आहेत. "हे परमेश्वरा, तू मला कोठवर विसरणार? सर्वकाळ काय?" अशी सुरुवात आहे, आणि पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा सवाल चारदा येतो. देव मला विसरला, त्याने तोंड लपवले, असे दाविदाच्या नावाचे हे स्तोत्र देवाला तोंडावर सांगते. हे शब्द कुणी खोडले नाहीत. उपासनेत म्हणण्यासाठी ते पिढ्यान् पिढ्या जपले गेले. जे शब्द देवाने आपल्या लोकांच्या तोंडी राहू दिले, ते तुमच्या तोंडून ऐकून तो तुम्हाला टाकून देईल, असे मानायला काहीच आधार नाही.

तेरावे स्तोत्र शेवटी स्तुतीकडे वळते. सगळीच वळत नाहीत. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र काळोखात सुरू होते आणि काळोखातच संपते. शेवटच्या ओळीत आप्त आणि सोबती दुरावल्याचे गाऱ्हाणे आहे, पुढे एकही आशेचा शब्द नाही. तरीही पहिल्याच वचनात तो माणूस देवाला आपल्या तारणाचा देव म्हणून हाक मारतो. संपूर्ण स्तोत्रात तो देवाशीच बोलतो, देवाबद्दल दुसऱ्या कुणाशी नाही. दुःखातल्या माणसाने देवावर विसंबायचे म्हणजे काय, हे मला कुणी विचारले की मी हे स्तोत्र वाचायला देतो. मन शांत झाले पाहिजे, कारण समजले पाहिजे, ओठांवर धन्यवाद आले पाहिजेत, यातले काहीही आज तुमच्याकडून मागितलेले नाही. जे बोलायचे ते त्याच्याकडे तोंड करून बोलायचे, एवढेच. तक्रार असेल तर तक्रार.

याचा सर्वांत मोठा आधार वधस्तंभावर आहे. "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे येशूचे शब्द बाविसाव्या स्तोत्राचे पहिले वचन आहे. त्याच दिवशी, त्याच वधस्तंभावर, "हे बापा, मी आपला आत्मा तुझ्या हाती सोपवून देतो" असेही तो म्हणाला. तेही स्तोत्रातलेच, एकतिसाव्या. पहिला आक्रोश मत्तय आणि मार्क यांनी नोंदवला, दुसरे वाक्य लूकने. देवाच्या पुत्राच्या मुखात त्याग केल्याची तक्रार आणि स्वतःला सोपवून देणे ही दोन्ही थोड्याच वेळाच्या अंतराने होती. पहिले म्हटले म्हणून दुसरे खोटे ठरले नाही. तेव्हा सकाळी देवाशी भांडलात आणि रात्री "आता तूच बघ" म्हणून डोळे मिटलेत, तर तुम्ही दुटप्पी नाही. तुम्ही येशूच्याच वाटेवर आहात.

आता त्या ज्येष्ठ बंधूंच्या बोलण्याविषयी. याने मला खरोखर वाईट वाटले, म्हणून जरा सविस्तर लिहितो. विश्वास कमी पडला म्हणून माणूस गेला, हे शास्त्राला धरून नाही. प्रेषितांची कृत्ये, बारावा अध्याय पाहा. हेरोद राजाने योहानाचा भाऊ याकोब याला तलवारीने मारले, आणि लगेच पेत्राला तुरुंगात टाकले. पेत्रासाठी देवदूत आला, बेड्या गळून पडल्या, लोखंडी दरवाजा आपोआप उघडला. याकोबासाठी कुणी आले नाही. दोघेही बारांपैकी, दोघेही येशूच्या अगदी जवळच्या तिघांतले. लूक दोन्ही घटना एकापाठोपाठ लिहितो आणि एक का वाचला, दुसरा का गेला, याविषयी चकार शब्द काढत नाही. याकोबाच्या आईला जर कुणी सांगितले असते की तुमचा विश्वास पेत्राच्या मित्रांइतका नव्हता, तर ते क्रूर आणि खोटे ठरले असते. तुम्हाला सांगितले गेले तेही तसेच आहे.

पौलाच्या हातून आजारी बरे झाले, पण त्रफिम या सहकाऱ्याला त्याला मिलेत गावी आजारीच ठेवून पुढे जावे लागले, हे तो स्वतः तीमथ्याला लिहितो. स्वतःच्या देहातला काटा निघावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा राहिला, कृपा पुरी पडेल असे उत्तर मिळाले. आणि गेथशेमानेत, प्याला टळावा म्हणून येशूने केलेली प्रार्थना तर आहेच. तिथे कुणाचा विश्वास कमी पडला होता? याकोबाच्या पत्रात विश्वासाच्या प्रार्थनेने दुखणाइताला उठवण्याचे वचन आहे, ते मी टाळत नाही. आजाऱ्यांसाठी मी स्वतः तेलाचा अभ्यंग करून प्रार्थना करतो आणि बरे झालेलेही पाहिले आहेत. पण त्या वचनाचा उपयोग मेलेल्याच्या बायकोवर आरोप ठेवण्यासाठी करणे हा त्या वचनाचा अपमान आहे. तुमच्या मंडळीने उपास करून प्रार्थना केली ती वाया गेली असेही मी मानत नाही. त्या महिन्यांत तुमचे पती एकटे नव्हते, तुम्हीही नव्हता.

'देवाची इच्छा' या शब्दांबद्दल काय म्हणावे? ख्रिस्ती परंपरांमध्ये यावर मतभेद आहेत. काहींच्या मते प्रत्येक गोष्ट देवाच्या ठरावाने घडते, काहींच्या मते तो पतित सृष्टीत अनेक गोष्टी घडू देतो, त्या त्याला हव्या असतातच असे नाही. मी दुसऱ्या बाजूला झुकतो, पण कबरेशेजारी या दोन्ही मतांचा उपयोग स्पष्टीकरण म्हणून करू नये असे माझे ठाम मत आहे. शास्त्र मरणाला 'शेवटचा शत्रू' म्हणते (१ करिंथ १५:२६). शत्रूला मित्र म्हणायची सक्ती तुमच्यावर नाही. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसे मेली तेव्हा लोक त्यांचे पाप शोधू लागले होते. येशूने तो हिशेब मोडून काढला. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी "पाप कोणाचे, याचे की आईबापांचे?" असे विचारले, तेव्हाही "कोणाचेच नाही" हे उत्तर मिळाले. दुःखाच्या मागे अपराध शोधण्याची सवय फार जुनी आहे, आणि ख्रिस्ताने ती दोनदा स्पष्ट शब्दांत नाकारली आहे.

रडण्याबद्दल. "तुम्ही खेद करू नये" हे थेस्सलनीकाकरांच्या पत्रातले शब्द तुम्हाला ऐकवले गेले असतील. पूर्ण वाक्य वाचा: ज्यांना आशा नाही अशा बाकीच्या लोकांसारखा खेद करू नये. पौल शोकाला आशेची सोबत देतो, शोकावर बंदी घालत नाही. एपफ्रदीत नावाचा सहकारी आजारातून वाचला तेव्हा हाच पौल फिलिप्पैकरांना लिहितो की देवाने माझ्यावर दया केली, नाहीतर मला दुःखावर दुःख झाले असते. स्तेफन हा पहिला रक्तसाक्षी. स्वर्ग उघडलेला पाहत तो मेला. तरी भक्तिमान माणसांनी त्याला पुरले आणि त्याच्यासाठी फार विलाप केला. तो कुठे गेला याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती, तरी रडले. कारण तो त्यांच्यातून गेला होता.

संत ऑगस्टीनची आई मोनिका ३८७ साली ओस्तिया बंदरात वारली. ख्रिस्ती मरणाला आक्रोश शोभत नाही, या समजुतीने त्याने डोळे कोरडे ठेवले. किशोरवयीन मुलगा आदेओदातुस मोठ्याने रडू लागला तेव्हा सगळ्यांनी त्याला गप्प केले. दफन झाले, ऑगस्टीन रडला नाही. नंतर एकांतात, देवासमोर, त्याचा बांध फुटला, आणि ते अश्रू त्याने स्वतःच लिहून ठेवले. मार्टिन लूथरची मुलगी माग्दालेना १५४२ मध्ये तेराव्या वर्षी गेली. पुनरुत्थानावर आयुष्यभर उपदेश केलेल्या त्या माणसाने मित्राला लिहिले की आम्ही आभार मानायला हवेत हे खरे, पण मायेचा जोर इतका आहे की रडल्यावाचून राहवत नाही. या माणसांना सिद्धान्त कमी ठाऊक नव्हता.

सगळ्यांत आधी तर बेथानीचे घर आहे. लाजराच्या मरणानंतर मार्था आणि मरीया येशूला वेगवेगळ्या वेळी भेटतात आणि दोघीही तेच वाक्य बोलतात: प्रभूजी, आपण येथे असता तर माझा भाऊ मेला नसता. चार दिवस त्या घरात हेच बोलणे चालले असणार. आणि त्या वाक्यात तथ्य होते. आजाराची बातमी कळल्यावरही येशू होता तिथेच आणखी दोन दिवस राहिला होता. येशू कुणालाही रागावत नाही. मार्थाशी तो बोलतो, "पुनरुत्थान व जीवन मीच आहे" हे जगातले सर्वांत मोठे आश्वासन तिला देतो. मरीयेला तो काहीच समजावत नाही. तिला रडताना पाहून तो आत्म्यात खवळतो, व्याकूळ होतो आणि रडतो. थोड्याच वेळात लाजर बाहेर येणार हे त्याला माहीत होते. तरी त्याने मरीयेला "रडू नकोस, आता पाहशीलच" असे सांगितले नाही. तुमचे पती प्रभूजवळ आहेत हे खरे आहे आणि तुम्ही रडता हेही योग्य आहे. पहिल्या खऱ्याने दुसरे पुसून टाकायला जे येतात त्यांच्यापेक्षा प्रभू तुमच्या अधिक जवळचा आहे.

रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन, सर्व गोष्टी मिळून कल्याण होते, हेही तुमच्या कानावर आले असेल. मी ते वचन प्रिय मानतो. पण त्याच्या आधीची सहा वचने सोडून ते वाचू नये. बाविसाव्यात सृष्टी कण्हते, तेविसाव्यात आपण कण्हतो, सव्विसाव्यात पवित्र आत्मा स्वतः शब्दांत न मावणाऱ्या कण्हण्याने आपल्यासाठी विनंती करतो. आणि तिथे कारणही दिले आहे: प्रार्थना कशी करावी हे आपल्याला ठाऊक नसते. तुम्ही लिहिता, प्रार्थना करवत नाही. ज्या वेळी तुमच्या तोंडून शब्द निघत नाही त्या वेळी तुमच्या बाजूने प्रार्थना थांबलेली नसते. कल्याणाचे ते वचन दुःखी माणसाने स्वतः, त्याच्या वेळी, कदाचित पुष्कळ वर्षांनी उच्चारायचे असते. भेटायला आलेल्याने ते त्याच्या अंगावर टाकू नये.

मग रोज करायचे काय? तुम्ही हे विचारलेले नाही, पण तुमच्या पत्रात ते आहे.

शरीरापासून सुरू करा. एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता (१ राजे १९). देवाने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, दूताने भाकर आणि पाणी ठेवले, तो जेवून पुन्हा झोपला, पुन्हा भाकर आणि पाणी. प्रश्नोत्तरे त्यानंतर, होरेबावर. शोकात झोप मोडते, भूक मरते, छातीवर दडपण येते, साध्या गोष्टी आठवत नाहीत, स्वयंपाकघरात गेलेले माणूस कशाला आलो ते विसरते. याला आत्मिक दुर्बलता समजू नका. रोज दोन वेळा काहीतरी खाणे, उन्हात थोडे चालणे, झोपेची वेळ पाळणे, हेसुद्धा सध्या तुमच्या भक्तीत धरा.

प्रार्थनेसाठी उसने शब्द वापरा. सकाळी तेरावे स्तोत्र मोठ्याने वाचा. मन लागो न लागो. ज्या दिवशी शेवटची दोन वचने, दयेवर भरवसा ठेवल्याची, तोंडातून निघणार नाहीत त्या दिवशी चौथ्या वचनाशी थांबा. जबरदस्तीने वळू नका. आठवड्यातून एकदा वहीत स्वतःचे स्तोत्र लिहा: आधी देवाला ज्या नावाने हाक मारता ते नाव, मग जे घडले ते नेमके, ज्या गोष्टीचा राग आहे ती नेमकी, मग आज काय हवे आहे ते. "शांती दे" असे मोघम नको. "आज रात्री झोप दे", "बँकेच्या त्या कागदांवर सही करताना हात कापू देऊ नकोस" असे लिहा. विलापगीताचा तिसरा अध्याय पाहा. शहर उद्ध्वस्त झाल्यावर लिहिलेल्या त्या ओळींत "त्याची करुणा रोज सकाळी नवी होते" हे प्रसिद्ध वाक्य येते खरे, पण त्याच्या आधी वीसएक वचने देवाने मला अस्वलासारखे दबा धरून फाडले, कडू दवण्याने भरले, असे स्पष्ट सांगण्यात जातात. करुणेचे वाक्य त्या सांगण्याच्या आत आहे, ते टाळून आलेले नाही.

उपासनेला जाववत नसेल तर मागच्या बाकावर बसा, गाऊ नका, वाटेल तेव्हा उठून जा. पाळकांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कुणी मागे धावणार नाही. मार्काच्या दुसऱ्या अध्यायात पक्षाघाती माणसाला चौघे उचलून आणतात आणि छप्पर उसकटून खाली सोडतात. येशूने "त्यांचा विश्वास पाहून" त्याला क्षमा केली. तो माणूस स्वतः काही बोलल्याची नोंदही नाही. काही महिने दुसऱ्यांच्या विश्वासावर पडून राहण्याची मुभा तुम्हाला आहे. मंडळी असते ती यासाठीच, आणि ज्या मंडळीत फक्त आनंदाचीच गाणी चालतात तिथे शोकाकुल माणूस परका होतो, हे मी सहपाळकांनाही सांगत असतो.

नामीची गोष्ट पुन्हा वाचा, पण या वेळी रूथकडे न पाहता नामीकडे पाहा. नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. गावी परतल्यावर ती वेशीतच बायकांना सांगते: मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणले. देवाचे नाव घेऊन, चारचौघींत. तिला कुणी सुधारले नाही, लिहिणाऱ्यानेही नाही. आणि त्याच वेळी तिच्या शेजारी रूथ उभी होती, जवाच्या कापणीला नुकतीच सुरुवात झाली होती. देवाने नामीला सांभाळले ते सोडून न गेलेल्या सुनेच्या रूपाने, शेतात वेचलेल्या धान्याच्या रूपाने, एका सज्जन नातेवाइकाच्या रूपाने. स्वप्न नाही, दर्शन नाही, 'का' याचे उत्तर नाही. शेवटी मांडीवर नातू आला तरी गेलेले तिघे परत आले नाहीत, आणि ग्रंथ तसे भासवतही नाही. तुमच्या बाबतीत देव मुका आहे असे वाटते तेव्हा, आज दारात कोण आले, डबा कुणी ठेवला, मुलाला शाळेतून कुणी आणले, हे वहीच्या मागच्या पानावर लिहीत चला. आभार मानायची घाई नको. नोंद ठेवा.

मराठी ख्रिस्ती माणसाला पंडिता रमाबाई आठवल्यावाचून राहत नाहीत. तरुणपणी दुष्काळात आईवडील आणि बहीण, १८८० मध्ये भाऊ, १८८२ मध्ये नवरा, आणि १९२१ मध्ये, आयुष्याच्या अगदी शेवटी, एकुलती एक मुलगी मनोरमा. पुढच्याच वर्षी त्या स्वतः गेल्या. मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणण्याचे काम त्या शेवटपर्यंत करत राहिल्या. त्यांच्या मनात काय चालले होते ते मी सांगू धजणार नाही. पण देवावर विसंबणे कधीकधी बाहेरून असेच दिसते: समोरचे पान, मग पुढचे पान.

अपराधीपणाबद्दल थोडे. "आधी दुसऱ्या डॉक्टरकडे नेले असते तर", "त्या रात्री मी झोपले नसते तर" हे विचार जवळजवळ प्रत्येक विधवेकडून मी ऐकले आहेत. त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. खरोखर काही चुकले असेल, कठोर शब्द बोलला असाल, तर ते देवाजवळ कबूल करा, क्षमा मिळते, आणि तिथे तो विषय संपू द्या. पण बहुतेक वेळा आपण ज्याला अपराध म्हणतो ती असहायता असते. आपल्या हातात नव्हते हे मान्य करण्यापेक्षा आपलेच चुकले असे मानणे मनाला सोपे जाते. असहायतेला क्षमा लागत नाही. तिला सोबत लागते.

शोकाचे 'पाच टप्पे' कुणी सांगितले असतील तर त्यांत स्वतःला बसवू नका. एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणासन्न रुग्णांशी बोलून, मागे राहिलेल्यांविषयी नव्हे. शोक पायऱ्या चढत जात नाही. बरा गेलेला महिना एखाद्या वासाने, एखाद्या गाण्याने एका क्षणात मोडतो. मात्र एक गोष्ट नीट ऐका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या वर्गीकरणात दीर्घकाळ लांबलेला शोक हा उपचारयोग्य विकार म्हणून नोंदलेला आहे: किमान सहा महिने उलटूनही तीव्र ओढ आणि वेदना इतकी की रोजचे जगणेच थांबते. असे असेल तर समुपदेशकाकडे, मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. औषध घेणे हा अविश्वास नाही. लूक वैद्यच होता. आणि जगूच नये असे विचार येत असतील तर स्मरणदिनाची, माझ्या पुढच्या उत्तराची, कशाचीच वाट पाहू नका. आजच एका जवळच्या माणसाला सांगा आणि त्याला घेऊन डॉक्टरांकडे जा.

आता मुलगा. "देवाला बाबा फार आवडले म्हणून त्याने नेले" असे त्याला सांगू नका, आणि सांगणाऱ्या नातेवाइकांना प्रेमाने अडवा. असे ऐकलेली मुले देवाला घाबरू लागतात: उद्या त्याला आई आवडली तर? "बाबा झोपलेत", "बाबा दूर गेलेत" हेही नको. दहा वर्षांच्या मुलाला मरण परत फिरत नाही हे कळते. त्याला खरे शब्द द्या: बाबांचा आजार फार मोठा होता, डॉक्टरांनी आणि आपण सगळ्यांनी प्रयत्न केले, तरी बाबा मेले. देवाने का थांबवले नाही हे मला माहीत नाही, मीही त्याला तेच विचारते आहे. येशूही मित्राच्या कबरेजवळ रडला होता, आणि एक दिवस तो मेलेल्यांना उठवणार आहे, बाबांनासुद्धा. तुझ्या वागण्याने किंवा विचाराने हे झाले नाही. हे शेवटचे वाक्य त्याने विचारले नाही तरी सांगा, मुले ते मनात धरून बसतात. तो पाच मिनिटे रडेल आणि खेळायला पळेल. त्याला बाबांची आठवण नाही असे समजू नका. मुलांचा शोक तुकड्यातुकड्यांनी येतो. तोच प्रश्न तो पुन्हा विचारील, तुम्ही तेच उत्तर पुन्हा द्या. आणि त्याच्यासमोर रडायला हरकत नाही. लपून रडलात तर इथे रडायचे नसते असे तो शिकेल.

पुनरुत्थानाविषयी त्याला सांगाल तेव्हा पुरते सांगा. आपली आशा आत्मा कुठेतरी तरंगत राहण्याची नाही. उठलेल्या ख्रिस्ताला शरीर होते, त्याने शिष्यांसमोर मासा खाल्ला, थोमाला हातांवरचे व्रण दाखवले. म्हणजे जे सोसले ते त्याच्या नव्या शरीरावरून पुसले गेले नाही. तुमच्या पतींची शेवटची दुखणी, तुम्ही रात्र रात्र जागून काढलेले ते महिने, हे देवाच्या नव्या सृष्टीत बिनमोलाचे ठरणार नाहीत, असे मी या व्रणांवरून धरून चालतो.

शेवटी स्मरणदिन. त्या दिवसाच्या आधीचा आठवडा बहुधा त्या दिवसापेक्षा जड जातो, तेव्हा कामे कमी ठेवा. प्रार्थना ठेवायची तर घरी, थोड्या माणसांत ठेवा. कोणाला बोलवायचे ते तुम्ही ठरवा; ज्यांच्या शब्दांनी घाव घातला त्यांना त्या दिवशी बोलावण्याचे बंधन नाही, क्षमेचा प्रश्न वेगळा आणि त्याला वेळ लागला तर लागू द्या. तुम्ही स्वतः प्रार्थना करावी अशी कुणी अपेक्षा धरू नये, हे पाळकांना आधीच कळवा. आलेल्यांना तुमच्या पतींचे नाव घेऊन एकेक आठवण सांगायला सांगा, हसू आणणारीही चालेल. बहुतेक लोक विधवेसमोर नवऱ्याचे नाव घ्यायला बिचकतात, आणि ऐकायला मात्र तिला तेच हवे असते. मुलाला आवडेल ते काम द्या, फोटो निवडणे, मेणबत्ती लावणे, किंवा काहीच नाही. वाचनासाठी योहानाचा अकरावा अध्याय घ्या, सतरा ते चव्वेचाळीस वचने, मधले काही न गाळता. मार्थाचे वाक्य वाचणाऱ्याला घाई करू नका म्हणून सांगा. ते वाक्य तुम्हाला स्वतः वाचावेसे वाटले तर तुम्हीच वाचा.